सातव्या पायरीचं पाणी

१

गाठोडं सुटलं आणि आतून सात कोऱ्या वह्या निघाल्या.

जाफराबादच्या ज्ञानसागर वाचनालयात बुधवारी सकाळी हे घडलं. गाठ आसराबाईनं स्वतः सोडली होती. चार महिन्यांपूर्वी नवऱ्याच्या वह्या इथं सांभाळायला दिल्या तेव्हा पहिली गाठ मारलीही तिनंच होती. तिनं सातही वह्या उलटसुलट करून पाहिल्या. तिला वाचता येत नव्हतं, पण लिहिलेलं पान आणि कोरं पान ओळखायला शाळेत जावं लागत नाही. ग्रंथपाल परमेश्वर शेजारी उभा राहून जांभई देत होता. ती जांभई अर्ध्यातच थांबली.

तिथून ती कुणाकडे न जाता थेट बद्रीनाथच्या ओट्यावर येऊन बसली.

बद्रीनाथ म्हणजे एसटीचा निवृत्त तिकीट तपासनीस. बत्तीस वर्षं चालत्या गाडीत चढून लोकांचे खिसे आणि कंडक्टरांच्या पेट्या तपासल्या. त्यातून त्यानं माणसाबद्दल जे मत बनवलं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. तरी तो ते रोज सांगायचा. माणूस खोटारडा असतो, त्यातून शिकलेला असला तर कागदपत्रासकट खोटारडा असतो, असं त्याचं म्हणणं. गावात त्याला कुणी चहाला बोलवत नसे. बोलावलं असतं तरी तो गेला नसता.

"तुमी जल्मभर माणसं पकडली," आसराबाई म्हणाली. "मला एक पकडून द्या."

बद्रीनाथनं तिला ओळखलं आणि त्याच्या कपाळावर आठी चढली. त्रिंबक पांढऱ्याची बायको. त्रिंबक केदारखेड्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. बाहेरून दहावी करून एसटीत कंडक्टर झाला आणि मराठवाड्यातल्या कैक पोरांसारखा कोकणात जाऊन पडला. खारेबंदर नावाच्या समुद्रकाठच्या शहरात त्यानं सव्वीस वर्षं काढली. त्यातली तीन वर्षं बद्रीनाथही तिथंच बदलीवर होता. त्यानं त्रिंबकची गाडी अकरा वेळा तपासली आणि अकराही वेळा हिशोब बराबर निघाला. शेवटी वैतागून त्यानं 'कामाच्या वेळेत खाजगी लिखाण' असा शेरा मारला आणि त्रिंबकची एक वेतनवाढ रोखली. कारण हा शहाणा गाडी थांब्यावर उभी असली की वही काढून बसायचा.

त्याच या वह्या. खारेबंदराचा इतिहास. त्रिंबक दोन वर्षांपूर्वी वारला. आता खारेबंदरच्या ग्रंथालयाला त्या छापायच्या होत्या. तिथल्या अर्पिता नावाच्या बाई रविवारी जालन्याच्या स्टँडवर वह्या घ्यायला येणार होत्या. त्यांना त्रिंबकच्या हातचं मूळ लिखाण हवं होतं. नाही मिळालं तर शहराचा इतिहास दुसऱ्या कुणाकडून लिहून घेणार, असं पत्रात स्पष्ट म्हटलेलं.

"येवढं पुस्तक झालं असतं तर माणूस उगाच गेला न्हाई असं वाटलं असतं," ती म्हणाली. "आज बुधवार हाये."

"तुम्हाला ठाऊक आहे का, मी तुमच्या नवऱ्याचं काय केलंय?"

"ठाऊक हाये की. म्हणून तर आले. जो त्याला सोडत नव्हता तो दुसऱ्या कुनाला काय सोडंल?"

२

वाचनालयात तीन माणसं ऊठबस करत. बद्रीनाथच्या मते तिन्ही एकाच लायकीची, म्हणजे बिनलायकीची.

परमेश्वर ग्रंथपाल हा वाचनालयात झोपण्यासाठी नेमलेला होता. कपाटाची किल्ली त्याच्या खुर्चीमागच्या खिळ्याला लटकायची, गावाला दिसेल अशी.

"सोमवारी सांजच्याला गाठोडं सोडून धूळ झटकली," तो म्हणाला. "तवा बाईंच्या घरून आणलेल्याच वह्या होत्या, पिवळ्या पडलेल्या. बुधवारी ह्या. म्हंजे जे झालं ते मंगळवारी."

"मंगळवारी दिवसभर इथं होतास?"

"व्हतो की. बारा ते दोन तेवढा जेवायला गेल्तो."

"दार?"

"उघडं. लोक पेपर वाचायला येतात ना." दुपारी बारा वाजता जाफराबादेत पेपर वाचायला कोण येतं, हे विचारायच्या भानगडीत बद्रीनाथ पडला नाही.

परमेश्वर जुनी पुस्तकं रद्दीत विकतो हे गाव जाणून होतं. पण बद्रीनाथनं कोऱ्या वह्या हातात घेतल्या आणि याचं नाव खोडून टाकलं. सातही वह्यांना खाकी कव्हर घातलेलं होतं. कोपरे आत दुमडलेले, घडी धारेवर, बोटानं दाबून बसवलेली. रद्दी विकणारा माणूस बदली वह्या विकत आणत नाही. आणल्याच तर त्यांना कव्हर घालत बसत नाही. परमेश्वराच्या तर शर्टाची बटणंही खालीवर लागलेली होती.

दुसरे प्राध्यापक ओमप्रकाश. कॉलेजात मराठी शिकवायचे आणि वाचनालयाचे अध्यक्ष होते. बोलताना ते समोरच्याच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत.

"खरं सांगू का, तो इतिहास नव्हेच," ते म्हणाले. "इतिहास कालक्रमानं लिहितात. या गृहस्थानं तो बसच्या थांब्यांनी लिहिलाय. पहिला टप्पा स्टँड, तिथं पूर्वी मिठाची कोठारं. दुसरा टप्पा बर्फाचा कारखाना. तिसरा मासळीबाजार, तिथं बायका पदराआड बोटं धरून लिलाव कसा करतात त्याची अकरा पानं. चौथा दीपगृह. शेवटचा टप्पा धक्का, दुष्काळात मजुरीवर बांधलेला. हे काय वाङ्मय झालं?"

"तुम्हाला बरंच पाठ आहे."

ओमप्रकाशांनी भिंतीवरची नजर खाली आणली. बद्रीनाथनं तोवर टेबलाचा खण ओढला होता. बत्तीस वर्षांची सवय, विचारायचं नाही, उघडायचं. खणात वर त्रिंबकच्या अक्षरातली पानं होती.

३

ती झेरॉक्स निघाली. दुसऱ्या वहीची फक्त.

"लेखासाठी काढली," ओमप्रकाश म्हणाले. घाम पुसायला त्यांनी रुमाल शोधला आणि तो सापडेना. "मी खारेबंदरला कळवलंय की संपादक म्हणून माझं नाव असावं. वर माझं, खाली त्यांचं. यात गैर काय?"

"गैर काही नाही. निर्लज्ज आहे, एवढंच."

पण बद्रीनाथला मनातून कळलं होतं की हा चोर नव्हे. याला फुकटात मोठं व्हायचं होतं, त्यासाठी वह्या रविवारी खारेबंदरला जाणं याला सगळ्यात जास्त गरजेचं होतं. वह्याच नसल्या तर हा संपादन कशाचं करणार? शिवाय मंगळवारी कॉलेजात परीक्षा होती आणि हा दिवसभर वर्गात पहाऱ्यावर होता, ते साठ पोरांनी पाहिलेलं.

उरले अप्पाराव गुरुजी, गावच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. वय एक्क्याऐंशी. पुढच्या महिन्यात त्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं, पत्रिका छापून आल्या होत्या. त्या पत्रिकेत गुरुजींच्या फोटोखाली लिहिलं होतं, 'मेंढपाळाच्या मुलाला लेखक घडवणारे गुरू'. गावात त्रिंबकची स्तुती करणारा एवढा एकच माणूस होता, आणि तो ती रोज करायचा. त्रिंबकबद्दल सुरू होऊन ती स्तुती गुरुजींवर येऊन थांबायची.

"वह्या गेल्या हे ऐकून फार वाईट वाटलं," गुरुजी म्हणाले. त्यांचा सदरा धुतलेला, इस्त्रीचा, खिशाला दोन पेनं. "माझाच विद्यार्थी तो. मी तर एक वहीसुद्धा उघडलेली नाही. म्हटलं, छापून आलं की एकदमच वाचू. त्यात गोडी असते."

"मंगळवारी कुठं होतात?"

"अहो, खारेबंदरला. शिष्याचं गाव डोळ्यानं बघावं म्हणून रविवारी निघालो. कुणाला भेटलो नाही, फक्त समुद्र पाहिला. मंगळवारी सकाळी धक्क्यावर बसलो होतो. सव्वाअकराला पाणी सातव्या पायरीला लागलं, लाँच अगदी पायरीला येऊन टेकली. डोळे भरून आले. बुधवारी दुपारी परत."

"तिकीट?"

"पंचाहत्तरीच्या वर फुकट ना आम्हाला. शून्याचं तिकीट कोण जपून ठेवतो?"

ते खरं होतं. बद्रीनाथ अशी शून्याची तिकिटं गाडीत तुडवून आला होता. गुरुजी त्या दिवशी घरी नव्हते हेही खरं होतं, कारण त्यांच्या सूनबाईनं तेच सांगितलं. बद्रीनाथ हात हलवत घरी आला. शुक्रवार संपत आला होता आणि त्याच्या यादीत एकही माणूस उरला नव्हता. स्वतःचीही त्याला शिसारी आली, पण ती नवीन नव्हती.

४

शनिवारी सकाळी आसराबाई पुन्हा ओट्यावर. त्यानं तिला सगळं सांगितलं, ज्याचं त्याचं बोलणं जसंच्या तसं. तपासनीसाला तेवढं जमतं.

गुरुजींच्या सातव्या पायरीपाशी तिनं हात वर केला.

"किती वाजता म्हणले?"

"सव्वाअकरा."

"मंगळवारी कोनती तिथ होती?"

भिंतीवर कालनिर्णयासारखं कुठल्याशा खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. बद्रीनाथनं चष्मा लावला. "शुद्ध अष्टमी."

आसराबाई पदर तोंडाला लावून हसली. नवरा गेल्यापासून ती हसलेली कुणी पाहिली नव्हती, आणि बद्रीनाथला त्यातलं काहीच कळलं नाही, म्हणून तो चिडला.

"तुमी तीन वर्सं तिथं व्हते ना साहेब?" ती म्हणाली. "तिथलं शेंबडं पोरगं सांगतंय. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, जे येईल तेवढ्याला भरती. पुनवेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, चारनं भागलं की सव्वाअकरा. आठमीला आठ त्रिक चोवीस, म्हंजे सहा. आठमीला सव्वाअकराला धक्क्यावर निस्ता चिखल असतोय. लाँच पायरीला येत न्हाई, लांब उभी राहाती. आन आठमीला भांगाचं पाणी, भरती आली तरी वर चढत न्हाई. सातव्या पायरीला पाणी फक्त पुनव आन आवसंला."

बद्रीनाथनं चष्मा काढला.

"ह्यांनी ते पुनवेच्या दिवशी लिहिलं," ती म्हणाली. "मी पायऱ्या मोजून राह्यले व्हते, हे लिहून राह्यले व्हते. सव्वाअकरा, सातवी पायरी. शेवटच्या वहीत हाये. दुसरीकडं कुठंच न्हाई."

आता सगळं सरळ झालं. जाफराबादेत पाणी म्हणजे नळाचं. आठ दिवसांनी येईना का, पण येतं ते ठरल्या वेळेला. गुरुजींनी वहीत वेळ वाचली आणि त्यांना वाटलं समुद्रही तसाच, रोज सव्वाअकराला सुटतो. तो माणूस खारेबंदरला गेलाच नव्हता. आणि एकही वही न उघडणाऱ्या माणसानं सातवी वही शेवटपर्यंत वाचली होती.

बद्रीनाथला खाकी कव्हरांचे दुमडलेले कोपरे आठवले. गावात तशी कव्हरं घालायला तीन पिढ्यांना एकाच माणसानं शिकवलं होतं. हे त्याला बुधवारीच दिसायला हवं होतं.

५

दुपारी दोघं गुरुजींच्या घरी गेले. बद्रीनाथनं तिथीचं गणित मांडलं. गुरुजी दोनदा 'असं कसं, असं कसं' म्हणाले, मग त्यांनी स्वतःच बोटांवर आठ त्रिक चोवीस केलं. गणिताच्या मास्तरला गणित नाकारता येईना.

"देऊळगावराजाला मुलीकडे गेलो होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "मंगळवारी काळी-पिवळीनं आलो, परमेश्वर जेवायला गेला तेव्हा बदलल्या, तशाच जीपनं परत गेलो."

"का?"

गुरुजी उठले, कॉटखालची ट्रंक त्यांनी पुढं ओढली. सातही वह्या एकावर एक, क्रमानं लावलेल्या. आसराबाईनं वरची घेतली, छातीशी धरली आणि मग उघडली. तिचा चेहरा बदलला.

पानापानावर लाल शाई होती.

काय म्हणावं या माणसाला? चोरी करून आणलेल्या वह्या यानं तपासल्या होत्या. वेलांट्या सुधारल्या होत्या, समास आखले होते, मासळीबाजाराच्या लिलावाशेजारी 'पाल्हाळ' लिहिलं होतं, बर्फाच्या कारखान्याला 'बरे'. शेवटच्या पानावर तारीख घालून सही ठोकली होती. बद्रीनाथनं आयुष्यात चोर पुष्कळ पाहिले, पण चोरीच्या मालावर शेरे मारणारा हा पहिलाच. थुंकावंसं वाटलं तरी थुंकायला जागा नव्हती, गुरुजींच्या घरची फरशी लख्ख पुसलेली होती.

"सवयीनं झालं," गुरुजी म्हणाले.

"आणि पहिल्या वहीचं पहिलं पान?" बद्रीनाथनं विचारलं. शिवणीपाशी फाटलेल्या कागदाची कड तेवढी राहिली होती.

गुरुजींनी खिशातली पेनं सरळ केली.

"ते पान ह्यांनी शेवटी लिहिलं," आसराबाई म्हणाली. "बाकी समदं मला वाचून दाखवलं, ते न्हाई. म्हणले, छापल्यावर ऐक."

"बंबात गेलं," गुरुजी खाली बघून म्हणाले.

बद्रीनाथ त्या वहीकडे बघत राहिला. मग त्यानं गुरुजींच्या खिशाकडे हात केला. "शिसपेन्सिल आहे का घरात?"

त्याला जे ठाऊक होतं ते गुरुजींना ठाऊक असणं शक्य नव्हतं. कंडक्टर जन्मभर कार्बन घालून वेबिल, म्हणजे तिकिटांचा हिशोब, लिहितो. खालच्या प्रतीवर उठावं म्हणून दाबून लिहितो, आणि ती सवय हाताला लागली की घरच्या पत्रातही जात नाही. त्रिंबकनं, पुस्तकात असतं तसं, दुसरं पान कोरं सोडलं होतं. बद्रीनाथनं पेन्सिल आडवी धरून त्यावर हलकेच फिरवली. करड्या रंगात पांढरी अक्षरं वर आली.

त्यानं मोठ्यानं वाचलं. "अप्पाराव गुरुजींनी मला चौथीत वर्गाबाहेर काढलं. अंगाला मेंढरांचा वास येतो म्हणाले. मी दाराबाहेर बसून ऐकायचो. मग एक दिवस त्यांनी दार लावून घेतलं."

गुरुजी कॉटच्या कडेला बसले.

"एवढं छापून आलं असतं," गुरुजी म्हणाले, "तर पुढच्या महिन्यात मी लोकांसमोर कुठल्या तोंडानं बसलो असतो? एकदा वाचनालयात सहज वही उघडली आणि हे समोर. बाकीच्यांतही असेल म्हणून सगळ्याच उचलल्या. तर पुढं कुठंच माझं नाव नाही."

"म्हणजे घडवणारे गुरू ते हेच," बद्रीनाथ म्हणाला. त्याला बरं वाटत होतं. माणसाबद्दलचं त्याचं मत पुन्हा एकदा बराबर निघालं होतं.

"मागची बाजू?" आसराबाईनं विचारलं.

"काय?"

"हे कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिवायचे. लिवलेल्या कागदाची मागची बाजू कोरी सोडायला जीव व्हत न्हवता त्यांचा."

गुरुजींनी मान हलवली. "पुढचं वाचलं आणि डोकं फिरलं. मागं पाहिलंच नाही."

पान उलटून लिहिताना दाब पडणार तो पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला. बद्रीनाथनं तिथं पेन्सिल फिरवली. या वेळी त्याला वाचायला वेळ लागला.

"म्हणून मी बाहेर पडलो. बाहेर पडलो म्हणून समुद्र पाहिला. आत घेतलं असतं तर केदारखेड्यातच राहिलो असतो. राग आता नाही. या सात वह्या गुरुजींना अर्पण. त्यांनी माझी वही कधी तपासली नाही. एकदा हातात घेऊन, लाल पेनानं तपासून द्यावी, एवढी इच्छा आहे."

गुरुजींनी सातवी वही मांडीवर घेतली होती. त्यांचा अंगठा स्वतःच्या सहीवर होता. बराच वेळ त्यांनी तो उचलला नाही.

मग जे बोलले ते ऐकून बद्रीनाथला वाटलं, या माणसाचा तळ अजून लागलेला नाही. गुरुजी म्हणाले, "बाई, मागची बाजू तेवढी छापायला सांगा. अर्पणाची. पुढची राहू द्या. हात जोडतो."

आसराबाईनं त्यांच्या मांडीवरून वही काढून घेतली. ती रागावली नव्हती.

"पान एकच असतंय, गुरुजी," ती म्हणाली. "मागचं पाहिजे तर पुढचं येतंयच."

६

रविवारी सकाळच्या जालना गाडीत गाठोडं बद्रीनाथच्या मांडीवर होतं. आसराबाई खिडकीशी बसली होती.

"तुमचं बी पान हाये," ती एकदम म्हणाली. "पाचव्या वहीत. तपासनीस म्हणून."

बद्रीनाथनं गाठ सोडली. पान सापडायला वेळ लागला नाही. कारण त्या ओळीशेजारी समासात गुरुजींनी लाल पेनानं भलीमोठी बरोबरची खूण केली होती आणि खाली लिहिलं होतं, 'उत्तम निरीक्षण'. सातही वह्यांत एवढी एकच.

ओळ अशी होती: 'तपासनीस साहेब आज अकराव्यांदा चढले. स्टँडपासून धक्क्यापर्यंत सगळ्या टप्प्यांवर माझ्या पेटीत बघत होते. खिडकीतून एकदाही नाही.'

त्यानं ती दोनदा वाचली. पान काही फार घट्ट शिवलेलं नव्हतं. आसराबाई त्याच्या हातांकडे बघत होती.

कंडक्टर येऊन उभा राहिला. बद्रीनाथनं वही मिटली, गाठ मारली, दोन जालना मागितली. मग आसराबाईला म्हणाला, "जरा सरका, बाहेरचं दिसत नाही."